अर्धी चौकट

चेंडू भिंतीवर आदळला तेव्हा मी खाली मान घालून लिहीत होतो.

"बाबा, तो पळतोय बघा! लिहिताय काय?" मुलीने कोपराने ढोसलं. मान वर केली तोवर पुढच्या रांगा उभ्या राहिल्या होत्या. पाठींच्या फटीतून दिसलं ते एवढंच, की डाव्या कोपऱ्यातल्या क्षेत्ररक्षकाने भिंतीपासून वळून चेंडू फेकलाय आणि मधल्या बेसवर धुळीचा लोट उठलाय. पंचाने दोन्ही हात आडवे पसरले. सेफ. माणसं बसली, हातातल्या शेंगा पुन्हा फुटू लागल्या. माझ्या डाव्या हाताला बसलेल्या आजीबाईंनी कानामागची पेन्सिल काढली, मांडीवरच्या पुठ्ठ्यावर दोन छोट्या रेघा मारल्या आणि पेन्सिल परत कानामागे खोचली.

बॉस्टनचं फेनवे पार्क हे १९१२ सालचं मैदान. डाव्या बाजूला सदतीस फूट उंच हिरवी भिंत. लोक तिला 'ग्रीन मॉन्स्टर' म्हणतात, म्हणजे हिरवा राक्षस. फलंदाजापासून ती डाव्या रेषेवर जेमतेम ३१० फुटांवर आहे. जवळ, पण उंच. दुसऱ्या मैदानात जो चेंडू झेल म्हणून संपला असता तो इथे भिंतीवर आपटतो, आणि जो कुंपणापलीकडे गेला असता तोही कधी कधी भिंतीवरच आपटून परत येतो. पूर्वी भिंतीला पत्रा होता, १९७६ साली तो काढून कडक प्लास्टिकचं आवरण घातलं. भिंतीच्या पायथ्याशी धावफलक आहे. त्याच्या आत माणसं बसतात आणि आकड्यांच्या पाट्या हाताने बदलतात. मला मैदानात सगळ्यात आधी तेच आवडलं.

पुण्यात क्लबच्या क्रिकेट सामन्यांचं गुणलेखन मी बरीच वर्षं केलं. स्कोअरबुक मांडीवर नसेल तर खेळ बघितल्यासारखा वाटत नाही, अशी खोड त्यातून लागली. मुलगी बॉस्टनला असते. उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो तर तिने फेनवेची तिकिटं काढून ठेवलेली. दाराशी कार्यक्रमपत्रिका घेतली तर मधल्या पानांवर गुणलेखनाचा तक्ता छापलेला होता. प्रत्येक खेळाडूपुढे नऊ घरं, आणि प्रत्येक घरात एक फिकट, पुसटशी चौकट, पत्त्यांतल्या चौकटीसारखीच. अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानालाही 'डायमंड'च म्हणतात, म्हणजे हिरा. खालचं टोक म्हणजे घर, होम प्लेट. उजवं टोक पहिला बेस, वरचं दुसरा, डावं तिसरा. बॅटर पहिल्या बेसवर पोचला की खालून उजवीकडे एक रेघ. दुसऱ्यावर पोचला की वरपर्यंत आणखी एक. चारही बेस फिरून घरी आला की चौकट पुरी होते आणि ती पेन्सिलने भरून काळी करायची. ती एक धाव. आजीबाईंनी हे मला पाच मिनिटांत शिकवलं. त्यांच्या तक्त्यावर अर्ध्या राहिलेल्या चौकटी पुष्कळ होत्या.

पहिली गोष्ट मला कळली ती अशी, की हा तक्ता क्रिकेटच्या पोटातून आला आहे. हेन्री चॅडविक नावाचा माणूस १८२४ साली इंग्लंडमध्ये एक्सेटरला जन्मला, बारा-तेरा वर्षांचा असताना आईबापांबरोबर अमेरिकेला आला आणि न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांसाठी क्रिकेटचे सामने लिहू लागला. १८५६ साली हडसन नदीपलीकडे होबोकेनला क्रिकेट आटोपून परत येताना त्याने बेसबॉलचा एक सामना पाहिला आणि तिथेच अडकला. क्रिकेटची धावपत्रिका त्याच्या हाडात मुरलेली होती. तिच्याच धर्तीवर त्याने बेसबॉलची 'बॉक्स स्कोअर' घडवली. बॅटर तीनदा चुकून बाद झाला की आजही तक्त्यावर 'के' हे अक्षर लिहितात, ते त्याचंच देणं. अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ म्हणून मिरवणाऱ्या या खेळाचा हिशेब एका क्रिकेटवाल्या बातमीदाराने बसवून दिला, हे कळल्यावर मी खुर्चीत जरा सैलावून बसलो. आपल्याच बिरादरीचा माणूस!

आता डबलविषयी. बॅटरने चेंडू मारला आणि क्षेत्ररक्षकांच्या चुकीशिवाय तो स्वतःच्या बळावर दुसऱ्या बेसवर पोचला, की ते डबल. पळायचं अंतर १८० फूट, पहिल्या बेसला वळसा घालून. यात गुणलेखकाला डोकं चालवावं लागतं. समजा पुढचा गडी घराकडे धावतोय, क्षेत्ररक्षकाने चेंडू त्याला बाद करायला घराकडे फेकला आणि तेवढ्यात आपला बॅटर दुसऱ्या बेसवर सरकला. ते डबल धरायचं नाही, सिंगलच. चेंडू हातातून निसटला म्हणून दुसरा बेस मिळाला, तरीही सिंगल. चेंडू टप्पा खाऊन कुंपणाबाहेर गेला तर मात्र पळायचं कामच नाही, दोन बेस बसल्या जागी मिळतात. शिकागोच्या रिग्ली फील्डमध्ये कुंपणाच्या विटांवर १९३७ साली वेली चढवल्या. चेंडू त्या पानांत घुसून अडकला की क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि बॅटरला दोन बेस मिळतात. माळ्याच्या हातचं डबल म्हणा ना.

होम रनचं तसं नाही. तो मारणाऱ्याचा एकट्याचा. चेंडू पलीकडे गेला, विषय संपला. सिंगलला पिचर आणि बॅटर दोघं पुरतात. डबलमध्ये मात्र भिंत किती उंच, गवत किती ओलं, कोपरा किती खोल, समोरच्याचा हात किती लांब फेकतो आणि पळणाऱ्याला हाव किती, या सगळ्यांचा वाटा असतो. निम्मा फटका बॅटरचा, निम्मा जमिनीचा. म्हणून मला तो आवडतो. आणि म्हणूनच, एका मोसमात सगळ्यात जास्त डबल कोणी मारले हे विचारलं तर बेसबॉलवेडा अमेरिकनही क्षणभर थांबतो. जो डिमॅजिओने फटका मारलेले सलग ५६ सामने त्याला पाठ असतात. रॉजर मॅरिसचे ६१ होम रन, बॅरी बाँड्सचे ७३, हे तर पोरांनाही येतात. डबलचा आकडा विचारला की तो खिशातला फोन काढतो. आजीबाईंना विचारलं. त्यांनी पेन्सिलही न काढता सांगितलं, "सदुसष्ट. अर्ल वेब. आमच्याच संघाचा."

हा अर्ल वेब बेब रूथ नाही, टेड विल्यम्स नाही, त्या पंगतीत बसणारा कुणीच नाही. टेनेसी राज्यातल्या बॉन एअर नावाच्या कोळसाखाणीच्या गावात १८९७ साली जन्मला. पोरवयातच खाणीत उतरला. खाणकामगारांच्या संघांतून खेळू लागला तो पिचर म्हणून, पुढे बॅटच भारी पडली. मेजर लीगमध्ये पाय ठेवला तेव्हा १९२५ साल उजाडलं होतं. न्यूयॉर्क, मग शिकागो, मधली वर्षं खालच्या लीगमध्ये. १९३० साली बॉस्टनच्या रेड सॉक्सकडे आला तेव्हा तिशी ओलांडलेली. त्या वर्षी त्याने ३० डबल मारले. वाईट नाही, पण डोळ्यांत भरावे असेही नाहीत.

रेड सॉक्सची तेव्हाची अवस्था बघण्यासारखी होती, म्हणजे न बघण्यासारखी. रूथला न्यूयॉर्कला विकून दहा-अकरा वर्षं झालेली. मालक बॉब क्विनकडे पैसा नाही. १९२६ साली डाव्या बाजूचा लाकडी प्रेक्षक-कट्टा जळून गेला तो पुन्हा बांधलाच नाही, त्या मोकळ्या जागेत क्षेत्ररक्षक चेंडूमागे मनसोक्त पळायचे. डाव्या भिंतीपुढे तेव्हा दहा फूट चढाचा मातीचा उतार होता, झेल घ्यायचा तर टेकडी चढून. रविवारी तर फेनवेत खेळताही यायचं नाही, कारण जवळ चर्च होतं. रविवारचे सामने गावातल्या दुसऱ्या संघाच्या मैदानावर, ब्रेव्ह्ज फील्डवर होत. त्यात महामंदी. १९३१ च्या मोसमात रेड सॉक्सने ६२ सामने जिंकले, ९० हरले.

त्या हरणाऱ्या संघात उजव्या कोपऱ्यात उभा राहणाऱ्या या डावखुऱ्या बॅटरने १५१ सामन्यांत ६७ डबल मारले. एकूण १९६ फटके, सरासरी .३३३, होम रन १४. आणि तिहेरी, म्हणजे तीन बेसचे फटके, फक्त ३.

या तीनवर बोट ठेवून लोक आजही कुजबुजतात. तिसऱ्या बेसवर पोचण्यासारखे फटके असताना विक्रमासाठी हा गडी दुसऱ्यावरच थबकला, असा आक्षेप. क्रिकेटमध्ये शतकाच्या तोंडावर धीमा होणारा फलंदाज आपण पाहिलेला असतोच, म्हणून आरोप पटकन पटतो. मला तो अर्धाच पटतो. तिहेरी हा वाऱ्यासारखं पळणाऱ्याचा फटका. खाणीत अंग राबवून, तिशी उलटून आलेला माणूस दुसऱ्या बेसला वळताना पुढचे ९० फूट डोळ्यांनी मोजणारच. तिसऱ्यावर बाद झालास तर तेलही गेलं, तूपही गेलं. शिवाय थांबून थांबून माणूस किती थांबेल? समजा पाच-सात तिहेरी त्याने डबल करून घेतले, तरी उरलेले साठ मारावे लागतातच. ते कुणी उसने देत नाही.

वेबच्या आधीचा आकडा ६४ होता, क्लीव्हलँडच्या जॉर्ज बर्न्सचा, १९२६ सालचा. बर्न्सला त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं होतं. त्याचा व्यवस्थापक आणि सहकारी ट्रिस स्पीकर. स्पीकरने त्याच मोसमात ५२ डबल मारले. कारकिर्दीतल्या डबलचा विक्रम स्पीकरचाच आहे, ७९२. पीट रोझ ७४६ वर थांबला, स्टॅन म्युझियल ७२५ वर. आता शेजारी वेबची कारकीर्द ठेवा: एकूण १५५. त्यातले ६७ एका उन्हाळ्यात. आयुष्यभर थेंबथेंब गळणारा नळ एका मोसमात धो धो वाहावा आणि पुन्हा गळू लागावा, तसं. पुढच्याच वर्षी, १९३२ च्या मोसमात, रेड सॉक्सने त्याला डेट्रॉइटला देऊन टाकलं. तिकडून बदल्यात आलेल्या डेल अलेक्झांडरने त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक सरासरी काढली. वेबचे त्या मोसमात २८ डबल. १९३३ साली शिकागोकडून पाच, आणि मेजर लीग संपली. तो परत टेनेसीच्या खाणमुलखात गेला आणि १९६५ साली तिथेच वारला. विक्रम तेव्हाही त्याच्याच नावावर होता आणि आजही आहे.

आता यादीतलं एक विलक्षण. एका मोसमात ६० किंवा त्याहून जास्त डबल मारणारे आजवर सहाच. बर्न्स १९२६ साली. वेब १९३१ साली. पिट्सबर्गचा पॉल वेनर, १९३२ साली ६२. डेट्रॉइटचा हँक ग्रीनबर्ग, १९३४ साली ६३. सेंट लुईसचा जो मेडविक, १९३६ साली ६४. डेट्रॉइटचाच चार्ली गेरिंगर, त्याच साली ६०. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत अकरा मोसम. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं कुणी नाही.

वेनर साडेपाच फुटांच्या थोडा वर, ओक्लाहोमाच्या शेतकऱ्याचा पोर, आणि बाटलीचा शौकीन. दृष्टी अधू होती, चष्मा दिला तर म्हणे चेंडू छोटा दिसू लागला म्हणून काढून ठेवला. त्याची विद्या साधी होती. चेंडू दोन्ही बाजूंच्या रेषांच्या कडेकडेने मारायचा. आत पडला तर डबल, बाहेर पडला तर फुकट गेलेला फटका, विकेट तर जात नाही! पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्डमध्ये डाव्या-मधल्या कोपऱ्यातलं कुंपण ४५७ फुटांवर होतं. एवढ्या लांब की सरावाचा लोखंडी पिंजरा सामना चालू असताना तिथेच मैदानात उभा करून ठेवत. असल्या मैदानात होम रनची हाव धरण्यात अर्थ नव्हता. फटीतून चेंडू काढा आणि पळा.

ग्रीनबर्गजवळ मात्र थांबावंसं वाटतं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये वाढलेला, रुमानियाहून आलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा. १९३४ साली तेवीस वर्षांचा. डेट्रॉइट पंचवीस वर्षांनी विजेतेपदाच्या जवळ आलेलं आणि सप्टेंबरात ज्यूंचे मोठे सण आडवे आले. दहा तारखेला त्यांचं नववर्ष, रोश हशाना. खेळावं की नाही यावर वर्तमानपत्रांत चर्चा झाली, धर्मगुरूंची मतं घेतली गेली. शेवटी तो खेळला. दोन होम रन मारले, डेट्रॉइटने बॉस्टनला २-१ हरवलं, दोन्ही धावा त्याच्याच. नऊ दिवसांनी योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा, उपासाचा दिवस. त्या दिवशी तो मैदानावर गेला नाही, प्रार्थनास्थळात गेला. आत शिरताच जमलेली माणसं टाळ्या वाजवू लागली, आणि उपासाच्या दिवशी टाळ्या म्हणजे काय करावं ते त्या लाजाळू, सव्वासहा फुटी पोराला कळेना. संघ तो सामना हरला. त्या मोसमात डेट्रॉइट १५४ सामने खेळलं, ग्रीनबर्ग १५३. डबल ६३. बर्न्सच्या ६४ ला एक कमी, एका सामन्याएवढा. ग्रीनबर्ग ज्या दिवसासाठी आठवला जातो तो दिवस त्याने एकही चेंडू न खेळता घालवला.

पुढच्याच महिन्यात डेट्रॉइटच्या मैदानावर जे झालं त्याला डबलच्या इतिहासात तोड नाही, गंमत म्हणजे त्या प्रसंगात डबल नव्हतंच. ९ ऑक्टोबर १९३४, वर्ल्ड सीरिजचा सातवा, निर्णायक सामना. डेट्रॉइट विरुद्ध सेंट लुईस. म्हणजे सहांपैकी तिघं त्याच गवतावर: ग्रीनबर्ग, गेरिंगर आणि पाहुण्यांकडून मेडविक. सहाव्या डावात मेडविकने तिहेरी मारला आणि तिसऱ्या बेसवर असा घुसला की तिथला क्षेत्ररक्षक मार्व ओवेन याच्याशी लाथाबुक्क्यांची वेळ आली. डाव संपून मेडविक आपल्या जागी डाव्या कोपऱ्यात गेला, तर प्रेक्षकांतून फळं, भाज्या, बाटल्यांचा पाऊस. तो मागे यायचा, परत जायचा, परत पाऊस. अखेर बेसबॉलचे सर्वेसर्वा, माजी न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस यांनी मेडविकलाच मैदानाबाहेर काढलं, त्याच्याच जिवासाठी. सेंट लुईस जिंकतच होतं, शेवटी ११-० ने जिंकलं. संत्र्यांच्या पावसात मैदान सोडणारा हा इसम दोन वर्षांनी २२३ फटके मारतो, त्यांतले ६४ डबल, आणि मेजर लीगमधल्या दोन लीगपैकी एक असलेल्या नॅशनल लीगचा तो विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. मेडविकचे आईबाप हंगेरीतून आलेले. त्याचं गाव न्यू जर्सीतलं कार्टरेट. आज तिथून थोड्या अंतरावर एडिसनमध्ये आपली मराठी माणसं राहतात, गणपती बसवतात. त्यांच्यातल्या किती जणांना हा शेजारी माहीत असेल, कोण जाणे.

गेरिंगर अगदी उलट स्वभावाचा. 'मेकॅनिकल मॅन' म्हणत त्याला. वसंतात किल्ली दिली की शरद ऋतूपर्यंत चालतो. बोलणं नाही, चालणं नाही, ६० डबल.

हे सगळं त्याच अकरा वर्षांत का? मला सापडलेलं पहिलं कारण नियमाच्या वहीत आहे. टप्पा खाऊन कुंपण ओलांडणारा चेंडू तोवर होम रन धरला जाई! अमेरिकन लीगने १९३० च्या मोसमापासून आणि नॅशनल लीगने त्याच्या पुढच्या वर्षापासून त्याचं डबल केलं. म्हणजे लेखणीच्या एका फटकाऱ्याने होम रनच्या खात्यातून रक्कम काढून डबलच्या खात्यात भरली. गुणलेखक म्हणून मला हे फार पटतं. खेळ मैदानावर बदलतो त्याआधी तो वहीत बदलतो. पण नुसत्या नियमाने भागलं नसतं. बर्न्सचे ६४ तर नियम बदलण्याआधीचे. मैदानं विस्तीर्ण होती, डेट्रॉइटला तर मधल्या कुरणात ध्वजस्तंभच उभा होता आणि चेंडू त्याच्या आसपास गेला तरी खेळ चालू. हातमोजे आजच्या मानाने खिशाएवढे. आणि बॅटर चेंडू चुकवत नसत. तेव्हा एका सामन्यात एका संघाचे साधारण तीन गडी चेंडू न लागता बाद होत, २०१९ साली हा आकडा जवळजवळ नऊवर गेला. त्याच २०१९ साली मेजर लीगमध्ये ६,७७६ होम रन झाले, आजवरचे सर्वाधिक. सगळ्यांना चेंडू उडवायला लावलंय आता. उडालं तर पलीकडे, नाही तर 'के'. मधला माल कमी झाला. बाँड्सने ७३ होम रन मारले त्या २००१ साली त्याचे डबल ३२ होते.

आणि एक गोष्ट या यादीबद्दल सांगितली नाही तर हिशेब खोटा ठरेल. ते सहाही गोरे. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत मेजर लीगमध्ये काळ्या खेळाडूला प्रवेशच नव्हता. त्यांच्या स्वतंत्र निग्रो लीग होत्या आणि २०२४ साली त्यांचे आकडे अधिकृत विक्रमांत धरले गेले. सरासरीच्या यादीत जॉश गिब्सनने टाय कॉबला मागे टाकलं. डबलची यादी मात्र हलली नाही, कारण त्या लीगचे नोंदवलेले मोसम छोटे. सरासरी थोड्या सामन्यांतही मोठी दिसू शकते, साठ डबल जमायला मात्र पूर्ण उन्हाळा लागतो. तो उन्हाळाच त्यांना दिलेला नव्हता.

नंतरच्या काळात सगळ्यात जवळ आले ते दोघं. कोलोराडोचा टॉड हेल्टन, २००० साली ५९. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच, हवा विरळ, चेंडू लांब जातो, म्हणून कुंपणं मागे ढकललेली आणि त्यामुळे आतलं कुरण प्रचंड. पुन्हा जमिनीचा वाटा आला. आणि २०२३ साली लॉस एंजेलिस डॉजर्सचा फ्रेडी फ्रीमन. उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणारा. त्याची आई तो दहा वर्षांचा असताना त्वचेच्या कर्करोगाने गेली, बाह्या तिच्यासाठी. त्या वर्षी बेसच्या गाद्या पंधरा इंचांवरून अठरा इंचांच्या झाल्या, पहिल्या आणि दुसऱ्या बेसमधलं अंतर साडेचार इंचांनी कमी झालं. क्षेत्ररक्षकांनी एका बाजूला गोळा होऊन डावखुऱ्यांची वाट अडवायची मुभाही काढून घेतली. फ्रीमन डावखुरा. वाटत होतं की सत्याऐंशी वर्षांनी साठ होणार. झाले ५९. त्याला पुढच्या वर्षी वर्ल्ड सीरिजच्या पहिल्या सामन्यात दुखऱ्या घोट्यानिशी अखेरच्या क्षणी मारलेला होम रन मिळाला, आणि लोक त्याला त्या होम रनसाठीच ओळखतील. एकोणसाठ डबल कोण लक्षात ठेवतो?

पण ज्यांना हरायचं नसतं ते लक्षात ठेवतात. सामना शेवटच्या डावांत अटीतटीचा असला की क्षेत्ररक्षण करणारा संघ एक खास रचना लावतो. कुरणातले तिघं भिंतीकडे मागे सरकतात, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवरचे रेषेला चिकटतात. या रचनेचं नावच 'नो डबल्स'. पुढे पडून सिंगल गेला तर जाऊ दे. कारण पहिल्या बेसवरचा माणूस अजून लांब असतो, दुसऱ्या बेसवरचा मात्र पुढच्या साध्या फटक्यावरही घरी येऊ शकतो. २०२० पासून तर बरोबरीत अडकलेल्या सामन्याच्या जादा डावात सुरुवातीलाच एक माणूस फुकटात दुसऱ्या बेसवर उभा करतात, लवकर निकाल लागावा म्हणून. आजीबाईंना हा नियम मुळीच मान्य नव्हता. "न मारता दुसऱ्यावर कसा गेला तो? मी काय लिहू?" त्यांनी मला विचारलं. मी तरी काय सांगणार? आमच्याकडेही पावसाच्या सामन्यात लक्ष्य बदलतं तेव्हा स्कोअररला कुणी विचारत नाही, एवढंच सांगितलं. त्यांना ते पुरलं.

त्या संध्याकाळचं ते डबल वाया गेलं. पुढचा बॅटर 'के'. त्याच्या पुढच्याने उंच उडवला आणि मधल्या कुरणात झेल. तीन गडी संपले, डाव संपला. माझ्या तक्त्यावर घराच्या टोकापासून निघालेल्या दोन रेघा वरच्या टोकाला जाऊन थांबलेल्या.

"बाबा, चला, काहीतरी खाऊन येऊ," मुलगी म्हणाली. मी म्हटलं, थांब जरा. दुसऱ्या बेसवरचा गडी तिथेच उभा होता. डाव संपला की आत जाऊन परत यायचं आणि मग क्षेत्ररक्षणाला जायचं, एवढा वेळ नसतो. त्याने डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं, हातांतले बॅटिंगचे मोजे काढले, कोपरावरचं पॅड सोडलं आणि ते सगळं हातात धरून उभा राहिला. आतून एक जण त्याची टोपी आणि हातमोजा घेऊन धावत येत होता. आजीबाईंनी सांगितलं की पूर्वी असं नव्हतं. १९५४ च्या आधी क्षेत्ररक्षक डाव संपला की हातमोजा गवतातच टाकून आत जायचे. परत यायचे आणि उचलून घालायचे.

म्हणजे १९३१ साली अर्ल वेब दुसऱ्या बेसवर अडकला की त्याला कुणाची वाट बघावी लागत नसे. धूळ झटकायची आणि उजव्या कोपऱ्याकडे चालू लागायचं. हातमोजा तिथे गवतात पडलेलाच असे.